दोन हंडे, एक बिल्ला

तिला चांगलं चारचौघींसारखं नाव होतं, पण ते वापरायची वेळ कोणावर येत नसे. इस्पितळाच्या धुलाईखान्यात सगळ्या तिला शेपूट म्हणत. कारण उघड होतं. पैलवानीण जिकडे जाई तिकडे ही तिच्या मागे. पैलवानीण नळावर गेली की ही नळावर, ती गच्चीवर चढली की ही जिन्यात, आणि पैलवानीण अचानक थांबली की ही तिच्या पाठीवर आपटलेली. हे नाव ठेवलं आत्याबाईंनी. त्या धुलाईखान्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, त्यामुळे नावं ठेवण्याचा हक्क त्यांच्याकडे आपसूक आला होता आणि त्या तो मनापासून बजावत.

कालव्याच्या अलीकडे शहर होतं आणि पलीकडे शहराची कामं करणारी माणसं. पलीकडची माणसं स्वतःच्या घरालाही 'पलीकडे'च म्हणत, इतकं ते अंगात मुरलं होतं. मधे एक पूल. पुलाचा रुंद, दगडी भाग शहराचा, आणि कडेला कठड्याला चिकटून जाणारी लाकडी फळ्यांची वाट यांची. सकाळी पितळेचा बिल्ला दाखवून यायचं, संध्याकाळी भोंगा वाजायच्या आत परत जायचं. बिल्ल्यावर नंबर असे. ज्याच्या घरात बिल्ला, त्याच्या पोराबाळांना इस्पितळाच्या मागच्या वॉर्डात औषध मिळे. ज्याच्या घरात नाही, त्याने आजारीच पडू नये अशी अपेक्षा होती.

शेपटीचा नवरा "कामाचं बघून येतो" म्हणून गेला तो अजून बघतोच आहे. पदरात एक मुलगी, छाती भरून येणारी, रात्रंदिवस खोकणारी. कोणीतरी मधे पडून बिल्ला मिळवून दिला, आणि पहिल्याच सकाळी शेपूट पुलावर चुकून दगडी भागावर चालू लागली. चौकीदार खेकसला. ती जागच्या जागी गोठली. तेवढ्यात मागून एक भलामोठा हात आला आणि त्याने तिला दंडाला धरून उचलल्यासारखं फळ्यांवर ठेवलं.

"अगं, तो रस्ता बुटांचा आहे," हाताची मालकीण म्हणाली. "आपल्या पायांना दगड टोचतो, असं त्यांचं म्हणणं आहे. काळजी करतात हो आपली."

ती पैलवानीण. आडव्या अंगाची, रुंद खांद्यांची, आवाज असा की कुजबुजली तरी गच्चीवर ऐकू यावं. तिने लग्न केलं नव्हतं. पाठचे भाऊ वाढवले, मार्गी लावले, आणि भाऊ इतके छान मार्गी लागले की त्यांना परतीचा मार्ग सापडेना. शेपटीच्या भिंतीला भिंत लावून ती एकटी राहायची.

शेपटीला उभं राहायला तिने शिकवलं. चौकीदाराला बिल्ला कसा दाखवायचा, नजर खाली न घालता आणि त्याच्या डोळ्यांतही न घालता, मधेच कुठेतरी त्याच्या मिशीवर ठेवून. सोड्याच्या पाण्यात हात घालण्याआधी नखांत तेल कसं भरायचं. अंगणातल्या दोन नळांपैकी आपला कोणता (ज्याला पाणी येत नाही तो). पहिल्या आठवड्यात शेपूट हंड्यापाशी उभी राहून मुसमुसत होती, तेव्हा पैलवानीण एवढंच म्हणाली, "रडायचंय तर आधी हात धू. सोड्याच्या हातांनी डोळे पुसलेस तर खरोखर रडशील." शेपटीला हसू फुटलं. नवरा गेल्यापासूनचं ते पहिलं हसू, आणि ते कोणामुळे फुटलं हे ती कधी विसरली नाही. म्हणून तर पुढचं सगळं तिला इतकं जड गेलं.

आता हंड्यांचं सांगायला हवं. धुलाईखान्यात चादरी उकळायचे दोन हंडे होते. पुढच्या वॉर्डात शहरातली माणसं आजारी पडत, त्यांच्या चादरी पुढच्या हंड्यात. मागच्या वॉर्डात पलीकडची, त्यांच्या चादरी मागच्या हंड्यात. पाणी एकाच विहिरीचं, सोडा एकाच पोत्यातला, धुणारे हातही तेच. पण चादरींनी एकमेकींना शिवायचं नाही. ओळख पटावी म्हणून मागच्या वॉर्डाच्या चादरींच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे टाके घातलेले असत. दोरा बाजारातला सगळ्यांत स्वस्त. उकळला की रंग सोडायचा. मागच्या चादरींवर त्यामुळे कायम निळसर डाग असत, आणि त्याबद्दल कोणी कधी तक्रार केली नव्हती.

पुढचा हंडा पैलवानिणीच्या ताब्यात होता. तो मान होता. मदतीला शेपूट. उकळून झालं की दोघी मिळून चादर पिळत, एक या टोकाला, एक त्या टोकाला, उलटसुलट पीळ देत. या कामात समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघावंच लागतं, दुसरीकडे बघितलं तर पीळ सुटतो. त्यामुळे दिवसभर एकमेकींच्या तोंडाकडे बघून त्यांनी एकमेकींना सगळं सांगून टाकलं होतं. नवरा, भाऊ, कर्ज, स्वप्नं, दुखरे दात. चादरी वाळायच्या, बोलणं ओलंच राहायचं.

त्या दिवशी मुलगी पहाटेपासून खोकत होती. शेजारच्या म्हातारीकडे तिला ठेवून शेपूट कामावर आली, पण तिचं चित्त पलीकडेच. दुपार कलली. पुढच्या वॉर्डाचा एक गठ्ठा उशिरा आला.

"मी गच्चीवरचं वाळलेलं काढून आणते," पैलवानीण म्हणाली. "तू पुढचा पेटव. आणि फुंकर मारताना जीव नको देऊस, मला तुला वाहून न्यायला लावू नकोस."

शेपटीने पुढचा पेटवायला घेतला. लाकूड ओलं. धूर भरपूर, जाळ काही नाही. तिने फुंकलं, चिंध्या घातल्या, लाकडाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लाकूड ढिम्म. शेजारी मागचा हंडा खदखदत होता, आत मागच्या चादरी, तरी अर्धा रिकामा. भोंगा वाजायला आला होता. भोंग्याच्या आत पूल ओलांडला नाही तर चौकीत बसवून ठेवत, आणि मुलगी पलीकडे.

तिने पुढच्या वॉर्डाचा गठ्ठा उचलला आणि मागच्या हंड्यात टाकला. पाण्याला काय कळतंय, असं तिच्या मनात आलं. पाण्याला नाहीच कळलं. दोऱ्याला कळलं.

चादरी पांढऱ्याशुभ्र दिसल्या. इतक्या घाईत कुठे निळं उतरलंय का हे तिने बघितलं नाही. पैलवानीण खाली आली, दोघींनी पिळल्या, वाळत टाकल्या. पिळताना शेपूट पहिल्यांदाच समोर न बघता पीळ देत होती. आणि दोनदा तिचा पीळ सुटला.

दुसऱ्या दिवशी त्या चादरी सकाळीच पुढच्या वॉर्डात गेल्या. तिथे एका बड्या वकिलाच्या सासूबाई पडून होत्या. त्या धुतलेल्या चादरीवर दुपारपर्यंत अशा गाढ झोपल्या की जावईबापू दोनदा श्वास तपासून गेले. जागं झाल्यावर त्यांना उशाशी निळा डाग दिसला. डाग कशाचा हे दाईने भोळेपणाने सांगितलं, आणि त्या क्षणापासून सासूबाईंच्या अंगाला खाज सुटली. त्यांची बघून शेजारच्या खाटेला सुटली. संध्याकाळपर्यंत अख्खा वॉर्ड खाजवत होता. डॉक्टरांना कुणाच्याही अंगावर पुरळ दिसेना, पण खाज डॉक्टरांना विचारून थोडीच येते.

मोठ्या बाई, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुख, पुढच्या सकाळी अंगणात आल्या. सगळ्या जणी रांगेत उभ्या. मोठ्या बाईंना ओरडायची सवय नव्हती. त्या हळू बोलत, म्हणून जास्त भीती वाटे.

"पुढचा हंडा कोणाकडे असतो?"

"माझ्याकडे," पैलवानीण एक पाऊल पुढे आली.

"त्या दिवशी पेटवला होता?"

"नाही. लाकूड ओलं होतं."

"मग त्या चादरी मागच्या हंड्यात कोणी टाकल्या?"

पैलवानीण काही बोलली नाही. तिने मान वळवली नाही, शेपटीकडे बघितलं नाही, नुसती उभी राहिली. नळ ठिबकत होता. आत्याबाई खोकल्या, त्यांना खोकला नसताना.

शेपटीला नुसतं "मी" म्हणायचं होतं. जीभ टाळ्याला चिकटली. तिला स्वतःचा बिल्ला दिसला, मोठ्या बाईंच्या हातात गेलेला, मग औषधाची बाटली दिसली, मग मुलीची वरखाली होणारी छाती. ती स्वतःच्या ओल्या पायांकडे बघत राहिली. पायाच्या अंगठ्याचं नख वाढलं होतं. काढायला हवं, असं तिला वाटलं. माणूस अशा वेळी काय काय विचार करतं.

"समजलं," मोठ्या बाई पैलवानिणीला म्हणाल्या. "बिल्ला दे."

पैलवानिणीने गळ्यातून दोरी काढली. मोठ्या डोक्यामुळे ती कानाशी अडकली. कोणी हसलं नाही.

पैलवानीण पलीकडेच, कालव्याकाठच्या कोळशाच्या वखारीत लागली. बोटीतून कोळसा उतरवायचा, चाळायचा, पोती भरायची. पुरुषांचं काम, पण तिचे खांदे बघून वखारवाल्याने दुसरा विचार केला नाही. आणि पुढचा हंडा मोठ्या बाईंनी दिला शेपटीला. "तुला त्यातलं माहीत आहे," त्या म्हणाल्या. शेपटीने मान हलवली. चोरी केलेल्या माणसाला चोरीचा मालच बक्षीस मिळावा, असा तो प्रकार.

पहिले काही दिवस संध्याकाळी ती पूल उतरली की पैलवानीण पलीकडच्या टोकाला उभी दिसायची. कोळशाने काळी, कमरेवर हात. दोघी मिळून घरी जात. शेपूट अखंड बोलायची. आत्याबाईंचे गुडघे, मोठ्या बाईंची नवी चप्पल, सासूबाईंची खाज. तेवढं एक सोडून सगळं. पैलवानीण ऐकायची, मधे एखादं "हूं". शेपटीला वाटे, बाई किती मोठ्या मनाची, कामावरून गेली तरी मला न्यायला येते. आणि असं वाटलं की ती आणखी भराभर बोले.

मग एके दिवशी पैलवानीण टोकाला नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. शेपटीला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याची तिला इतकी लाज वाटली की त्या दिवशी तिने मुलीला उगाचच रागे भरलं.

त्यानंतर ती पैलवानिणीशी भयंकर चांगली वागू लागली. डबा नेऊन दे, दाराबाहेरचं झाडून काढ, साबणाचे तुकडे पोचव. पैलवानीण म्हणायची, "इतका साबण? मी काळी झालेय, कळकट नाही." पण ठेवून घ्यायची. दोघींच्या मधली भिंत तीच होती, पलीकडून हाका मात्र कमी झाल्या.

धुलाईखान्यात पिळायला आता आत्याबाई असत. त्यांच्या मनगटात जोर नव्हता. चादरी ठिबकत दोरीवर जात आणि दोन दिवस वाळत नसत.

"तुझं लक्ष कुठे असतं गं?" आत्याबाई एकदा म्हणाल्या.

"इथंच आहे."

"इथं नाहीये. इथं असतं तर माझ्या तोंडाकडे बघितलं असतंस. एवढं काही वाईट नाही माझं तोंड."

शेपटीने चादरीचं टोक आणखी आवळलं.

"मला काही विचारायचं नाही," आत्याबाई पीळ देत म्हणाल्या, "आणि मला काही माहीतही नाही. एवढंच म्हणते की मनावरचं ओझं कुणाच्या मनगटावर काढू नये. माझी मनगटं म्हातारी आहेत."

शेपटीने स्वतःशी एक करार करून ठेवला होता. मुलगी बरी होईपर्यंत गप्प बसायचं. मग सांगायचं. औषध सुटलं तर पोर जाईल, हे खरंच होतं, त्यात खोट नव्हती. म्हणून हा करार तिला चांगला टेकू देत होता. झोपताना ती त्याला टेकून झोपे.

आणि मुलगी बरी झाली. मागच्या वॉर्डातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं, "आता नको आणू" म्हणाले. मुलगी घरी येईपर्यंत धावत आली, दारात पोचली आणि धाप लागली नाही म्हणून परत धावत जाऊन पुन्हा आली. आई म्हणून शेपटीचा ऊर भरून आला. पण त्या आनंदाच्या बुडाशी एक बारीकसा, काळाकुट्ट विचार होता, की आता टेकू गेला. मुलगी बरी झाल्याचं कोणत्या आईला वाईट वाटेल? शेपटीला, कणभर, वाटलं. ते तिने आयुष्यात कोणाला सांगितलं नाही, आणि सांगण्यासारखं नव्हतंही.

मग तिने नवे टेकू शोधून बघितले. थंडी संपू दे. मुलीला चपला होऊ देत. पण हे टेकू कच्चे निघाले, अंग टाकलं की मोडत.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती पैलवानिणीकडे गेली. पैलवानीण ओसरीत घमेल्यात हात धूत बसली होती. कोळसा नखांत, रेषांत, कोपराच्या वळ्यांत. पाणी काळं झालं होतं. शेपटीने काही न बोलता तांब्या घेतला आणि हातांवर पाणी ओतू लागली. ते हात आधी सोड्याने पांढरे पडलेले असत, बोटांची टोकं सुरकुतलेली. आता तळव्यांना फोड येऊन फुटले होते.

"ताई."

"हूं."

"त्या चादरी मी टाकल्या होत्या."

पैलवानीण हात चोळत राहिली. "ओत की. थांबलीस का?"

शेपटीने ओतलं.

"तुला माहीत होतं?"

"मी गच्चीवरून खाली आले तेव्हा पुढच्या हंड्याला हात लावला. गार. मग तू पिळताना जमिनीकडे बघत होतीस. मला काय कळायचं राहिलं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तेव्हा? तुझी पोर खोकत होती, तुला पळायचं होतं. म्हटलं, सकाळी लवकर येऊन डागवाल्या चादरी बाजूला काढू. कोणाला पत्ता लागणार नाही. पण त्या आधीच गेल्या." पैलवानिणीने हात झटकले. "त्यात तुझी चूक फार नाही. ओलं लाकूड. मीही तेच केलं असतं."

शेपटीच्या छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. "तू माझ्यासाठी एवढं—"

"थांब," पैलवानीण म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो खरोखर हळू झाला होता. "तुझ्यासाठी वगैरे काही नाही. मी खोटं बोलले नाही. हंडा माझ्याकडे होता, ते मी सांगितलं. चादरी कोणी टाकल्या, त्याला मी गप्प राहिले. ती जागा तुझी होती. मी ती तुझ्यासाठी मोकळी ठेवली होती."

पैलवानिणीने ओले हात लुगड्याला पुसले.

"तू बोलली असतीस तर दोघी दोषी. दोघींना काढलं तर पुढचा हंडा लावणार कोण? आत्याबाई? मोठ्या बाई कितीही रागावल्या तरी दोघींना काढू शकत नव्हत्या. दंड घेतला असता, चार शिव्या दिल्या असत्या, झालं. मी तेवढा हिशेब उभ्या उभ्या केला. एक चूक झाली. तो हिशेब तुला धरून केला."

"मला कळलं नाही."

"तिथे नाही कळलं, मान्य. घाबरलीस. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत कळेल, उद्या कळेल. म्हणून तर रोज पुलाशी येऊन उभी राहत होते. तू यायचीस आणि मोठ्या बाईंच्या चपलांचं सांगायचीस."

शेपटीच्या हातातून तांब्या सुटला आणि घरंगळत दारापर्यंत गेला. पैलवानिणीने तो उचलला नाही, तिनेही नाही.

"तेव्हा तू मला न्यायला येतेस असं वाटत होतं मला," शेपूट म्हणाली.

"न्यायलाच येत होते," पैलवानीण म्हणाली. "मोठ्या बाईंकडे."

दुसऱ्या सकाळी शेपूट मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर उभी राहिली. पलीकडच्या बायकांना उंबऱ्याच्या आत यायला मनाई होती, म्हणून जे काही सांगायचं ते उंबऱ्याबाहेरूनच सांगावं लागे आणि ते येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाई. तिने सांगितलं. सगळं, लाकडापासून. या खेपेला जीभ टाळ्याला चिकटली नाही. उलट थांबता थांबेना.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"हे आज सांगतेस?"

"हो बाई."

"मी वर कळवून बसले की दोषी बाईला काढलं. आता कळवू, की दोषी दुसरीच होती आणि मी तिलाच हंडा दिला? वकिलाच्या सासूबाई अजून मला भेटल्या की खाजवतात." त्या खिडकीकडे वळल्या. "ते प्रकरण संपलंय. जा, काम कर."

"बाई, तिला परत घ्या."

"जमा झालेला बिल्ला पुलाची कचेरी परत देत नाही. तुला माहीत आहे."

"मग माझा तिला द्या. हंडा तिचाच आहे."

"बिल्ला म्हणजे शाल नाही, एकीच्या खांद्यावरून दुसरीच्या खांद्यावर टाकायला." मोठ्या बाई मग खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "हल्ली चादरी ओल्या येतात. पूर्वी येत नसत. मला कोरड्या चादरी पाहिजेत. हंड्यांपाशी वाफ इतकी असते की तिथे कोण उभं आहे हे मला कधीच नीट दिसलेलं नाही. जा आता."

शेपूट अंगणात आली. आत्याबाई दाराशी कान देऊनच होत्या, त्यांनी ते लपवलंही नाही.

"म्हणाल्या काय त्या?" शेपटीने विचारलं. "मला अर्धंच कळलं."

"तुला नेहमी अर्धंच कळतं," आत्याबाई म्हणाल्या. "अगं, चौकीदार बिल्ला बघतो. आपल्यापैकी कुणाचं तोंड त्याने कधी बघितलंय? त्याला आपण सगळ्या सारख्याच. बाईंना वाफेत दिसत नाही म्हणे. मग राहिलं कोण?"

संध्याकाळी शेपटीने गळ्यातला बिल्ला काढून पैलवानिणीपुढे ठेवला. पैलवानिणीने त्याला हात लावला नाही. आधी तिला दान नको होतं. मग शेपटीने काय खायचं हे तिला ऐकायचं होतं. मग चौकीदार आंधळा असला तरी इतका आंधळा नसेल, असं तिचं म्हणणं होतं. एक दिवस खारीएवढी बाई आणि दुसऱ्या दिवशी हत्तीएवढी. शेपूट एकेक ऐकत राहिली आणि बिल्ला तिथेच ठेवून बसून राहिली. ती उठत नाही असं बघून पैलवानीण शेवटी म्हणाली, "पूर्ण नको. अर्धा आठवडा मी तिकडे, अर्धा तू. आणि मी तिकडे असेन तेव्हा तू वखारीत. वखारवाल्याला एक माणूस लागतं, कोणतं ते त्याला कळत नाही."

"चालेल."

"विचार कर. कोळसा आहे तो, चादर नाही."

"चालेल म्हटलं ना."

"आणि मी काही विसरले नाहीये, एवढं ध्यानात ठेव."

"ठेवते," शेपूट म्हणाली. खरं तर ते तिला सांगायची गरज नव्हती.

पहिल्या सकाळी दोघी आधी वखारीत गेल्या. बोट लागलेली, ढीग ओला, वखारवाला दाढी खाजवत उभा. "ही माझ्या जागेवर," पैलवानिणीने त्याला सांगितलं. त्याने शेपटीला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याला फार वेळ लागला नाही, तेवढं अंतरच नव्हतं. पण तो काही बोलला नाही.

पैलवानिणीने फावडं शेपटीच्या हातात दिलं. शेपटीने ते झाडूसारखं धरलं.

"असं नाही. हा हात खाली. आणखी खाली. कंबर वाकवू नकोस, गुडघे वाकव. नाहीतर दुपारी तुला घडी घालून घरी न्यावं लागेल."

शेपटीने फावडं ढिगात खुपसलं आणि उचललं. अर्धा कोळसा तिच्याच पायावर पडला. पैलवानिणीच्या ओठांचा एक कोपरा हलला. तेवढंच. शेपटीने तेवढं बघून घेतलं, आणि त्यावर भिस्त ठेवावी की नाही हे तिला ठरवता येईना.

"ताई," ती मान खाली घालूनच म्हणाली, "तुझा राग जाईल ना?"

पैलवानिणीने बिल्ला गळ्यात घातला. दोरी तिच्या मानाने आखूड होती. बिल्ला गळ्याशीच लोंबत राहिला.

"मला कुठे माहीत," ती म्हणाली. "गेला तर तुलाच आधी कळेल. तू येताजाता माझ्या तोंडाकडेच बघत असतेस." मग निघता निघता वळून, "मुलीचा डबा मी घेऊन जाते, पुलाकडे जाता जाता शेजारच्या म्हातारीकडे देईन. तू थांबू नकोस, बोट दुपारपर्यंत रिकामी व्हायला हवी."

ती पुलाकडे गेली. चौकीदाराने बिल्ल्याकडे बघून मान हलवली आणि ती फळ्यांवरून धपधप चालत गेली. शेपटीने ती शहराच्या टोकाला पोचेपर्यंत बघितलं नाही, कारण वखारवाला बघत होता. तिने हात खाली घेतला, आणखी खाली, गुडघे वाकवले आणि पुढचं फावडं भरलं. या खेपेला थोडा कमी कोळसा सांडला.